कानाजवळून गेलेली गोळी

'इतिहासात जर-तरला स्थान नसते' हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानांत, अग्रलेखांत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही इतक्या ठामपणे येते, की त्याचा मूळ कर्ता कोण हे विचारावे असेही कोणाला वाटत नाही. गंमत अशी, की हे वाक्य उच्चारणारा वक्ता बहुधा पुढच्या पाच मिनिटांत स्वतःच जर-तरमध्ये शिरलेला असतो. पहिले बाजीराव चाळिशीच्या उंबरठ्यावर गेले नसते तर, भाऊसाहेब पानिपतावर अंबारीतून उतरले नसते तर, थोरले माधवराव आणखी वीस वर्षे जगते तर... मराठी व्याकरणाने या क्रियारूपाला 'संकेतार्थ' असे नाव दिले आहे, आणि आपल्या ऐतिहासिक संभाषणाचा फार मोठा भाग या संकेतार्थातच चालतो. असे असूनही संकेतार्थालाच कथेचा पाया करणारे, ज्याला आज 'पर्यायी इतिहास' म्हणतात ते ललित लेखन मराठीत अगदी थोडे आहे. बोलण्यात इतके विपुल असलेले हे रूप लिहिण्यात इतके विरळ का असावे? मला त्याचे एक कारण असे दिसते, की आपले बोलण्यातले जर-तर हे शोकाचे जर-तर असते. शोकाला कथानक लागत नाही. एक उसासा टाकला की त्याचे काम भागते.

या उसाशालाच इतिहासकारांनी प्रामुख्याने आक्षेप घेतला आहे. ई. एच. कार यांनी १९६१ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या 'इतिहास म्हणजे काय?' या व्याख्यानमालेत 'असे झाले असते तर' या विचाराला दिवाणखान्यात बसून खेळायच्या खेळाच्या पंक्तीला बसवले. रशियन क्रांतीचा ज्यांना फटका बसला ते लोक ती टळू शकली असती असे लिहीत राहतात आणि त्यालाच इतिहास समजतात, अशी त्यांची तक्रार होती. १९२० साली ग्रीसचा राजा अलेक्झांडर पाळीव माकडाच्या चाव्याने मेला आणि त्यातून पुढे अडीच लाख माणसे मेली, असे चर्चिल म्हणत असत. कार तेही उदाहरण घेतात आणि इतिहासाचा अर्थ अशा अपघातांवर टांगता येत नाही असे बजावतात. हरलेल्यांच्या हळहळीपुरता हा आक्षेप मान्य करायला हवा. पण तो तेवढ्यापुरताच मान्य करता येतो. कारण कार्यकारणाचे कोणतेही विधान घेतले, तरी त्याच्या पोटात एक जर-तर दडलेला असतोच. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात असा अभिप्राय दिला, की माधवराव पेशव्यांचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपताइतकाच घातक ठरला. वरवर पाहता हे घडलेल्या गोष्टीविषयीचे साधे विधान आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'माधवराव १७७२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला वारले नसते तर गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या' एवढाच होतो. माक्स वेबरने १९०६ च्या सुमारास मॅरेथॉनच्या लढाईचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट तर्कशुद्धपणे मांडली होती. मॅरेथॉनला महत्त्व का द्यायचे? तिथे इराणी जिंकले असते तर काय झाले असते याचे काही चित्र आपल्या मनात असते, म्हणून. ते चित्र नसेल, तर ती एका मैदानावरची एक झटापट राहते.

म्हणजे इतिहासकार जे चोरून करतो ते कथाकार उघडपणे करतो, असे म्हणून आपल्याला थांबता येईल. पण मग ललित लेखनाची गरजच काय? वेबरचा निबंध पुरेसा आहे. कथा काहीतरी वेगळे करते, आणि ते काय हे पाहण्यासाठी या प्रकाराच्या पूर्वजांकडे थोडे वळावे लागते.

सर्वांत जुना पूर्वज रोमन इतिहासकार लिव्ही. आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात तो मध्येच थांबून विचारतो, की अलेक्झांडर पश्चिमेकडे वळला असता आणि रोमवर चालून आला असता तर? उत्तर अर्थातच ठरलेले आहे. रोमच जिंकले असते. हे देशाभिमानाचे जर-तर आहे आणि त्यात वाचकाला करण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. १८३६ मध्ये लुई जोफ्रुआ या फ्रेंच लेखकाने नेपोलियन १८१२ च्या मॉस्को मोहिमेत कोसळत नाही आणि अखेर सारे जग जिंकतो, असा एक सविस्तर 'इतिहास' लिहिला. तोही मुळात सांत्वनच. मात्र त्यात एक विलक्षण प्रकरण आहे. नेपोलियनचा पराभव झाला, त्याला कैदेत टाकले, अशी एक बनावट हकीकत कोणीतरी पसरवली असून ती केवळ बदनामी आहे, असे हा विजयी जगातला बखरकार संतापाने सांगतो. आपण शाळेत शिकलेला खरा इतिहास त्या जगात एक खोडसाळ कादंबरी होऊन बसलेला असतो.

(पुढे शार्ल रनूव्हिए या तत्त्वज्ञाने अशा लेखनाला 'युक्रोनी' हा शब्द घडवला आणि १८७६ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले. युटोपिया म्हणजे कुठेच नसलेले ठिकाण, तसा युक्रोनी म्हणजे कधीच नसलेला काळ. शब्द देखणा आहे, पण मराठीत 'जर-तर' असताना तो उसना घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही.)

जोफ्रुआच्या त्या प्रकरणातली युक्ती पुढे पुन्हा पुन्हा भेटते. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी अनेक लेखकांकडून जर-तरचे निबंध लिहवून घेतले. त्यात चर्चिल यांचा एक निबंध आहे. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती ली याने १८६३ मधली गेटिसबर्गची लढाई जिंकली असती तर, असा विषय कोणीही घेतला असता. चर्चिलनी शीर्षकात एक नकार घातला: लीने गेटिसबर्ग जिंकली 'नसती' तर! निबंधाचा निवेदक ली जिंकलेल्या जगात राहतो आणि आपल्या जगाविषयी एक विक्षिप्त तर्क म्हणून बोलतो. फिलिप के. डिक यांच्या १९६२ च्या 'द मॅन इन द हाय कॅसल' या कादंबरीत जर्मनी आणि जपान दुसरे महायुद्ध जिंकले आहेत, अमेरिका त्यांच्यात वाटली गेली आहे. आणि त्या अमेरिकेत एक लेखक दोस्त राष्ट्रे जिंकल्याची कादंबरी लिहितो. ती लोक चोरून वाचतात. पण त्या आतल्या कादंबरीतले जगही आपले नाही. दोस्त जिंकतात, तरी पुढचे सगळे वेगळे घडते. बाहेरचे जग खोटे, म्हणून आतले आपोआप खरे, हा सोपा दिलासा डिक वाचकाला मिळू देत नाहीत.

विचारी वाचकाला या साहित्याची ओढ का वाटते, याचे उत्तर मला इथे सापडते. त्या दुसऱ्या जगात काय काय आहे याचे कुतूहल फार काळ टिकत नाही. उडत्या मोटारी आणि बदललेले नकाशे दहा पानांत जुने होतात. टिकून राहते ते तिथून मागे वळून पाहिल्यावर आपले स्वतःचे जग कसे दिसते, ते. आपण ज्याला 'व्हायचेच होते' म्हणतो ते तिथल्या माणसांना अविश्वसनीय वाटते आणि त्याचे स्पष्टीकरण आपल्याकडे मागितले जाते. डिकच्या कादंबरीतला फाटा पाहा. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामीत जुझेप्पे झांगारा याने निर्वाचित अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट वाचले, शिकागोचे महापौर सरमॅक यांना गोळी लागली आणि ते काही दिवसांनी वारले. कादंबरीच्या जगात झांगाराचा नेम चुकत नाही. एवढे वाचल्यावर वाचक हादरतो तो कादंबरीतल्या जगामुळे नव्हे. आपले सगळे विसावे शतक त्या संध्याकाळच्या एका हुकलेल्या नेमातून गेलेले आहे, हे लक्षात आल्यामुळे तो हादरतो.

मराठीत अशीच एक गोळी जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी झाडली आहे, किंवा चुकवली आहे म्हणा. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची कथा बहुतेकांनी वाचलेली असेल. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकामुळे महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोचले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे जिंकले आहेत. मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते आपल्याच इतिहासग्रंथाचे खंड चाळतात आणि फाटा नेमका कुठे फुटला ते शोधतात. 'भाऊसाहेबांच्या बखरी'च्या तिथल्या प्रतीत विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती कानाजवळून निघून जाते. ते पान त्यांच्याबरोबर आपल्या जगात येते.

या कथेची चर्चा सहसा तिच्या विज्ञानाभोवती फिरते, आणि लेखक खगोलशास्त्रज्ञ असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. शेवटी राजेंद्र देशपांडे हे भौतिकशास्त्रज्ञ मित्र जे स्पष्टीकरण देतात ते वर्गात समजावून सांगायला सोयीचे असते. माझ्या मते कथेचा गाभा आझाद मैदानावर आहे. तिथे एक व्याख्यान चाललेले असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. आयुष्यभर अध्यक्षपदे भूषवलेले गंगाधरपंत साहजिकच ती भरायला धावतात. पण त्या जगाने अध्यक्षांची भाषणे केव्हाच मोडीत काढलेली असतात, आणि श्रोते त्यांना टोमॅटो आणि अंडी मारून मंचावरून हुसकावतात. ज्या जगाची स्वप्ने पाहत आपण इथे उसासे टाकले, त्या जगाला आपली गरज नाही. आपले पानिपतावरचे व्याख्यान तिथे कोणाला ऐकायचे नाही. मराठी जर-तरवर इतका मिस्कील आणि इतका नेमका अभिप्राय दुसऱ्या कोणी दिल्याचे मला आठवत नाही.

डिकच्या कादंबरीत सिगारेट पेटवण्याचे दोन लायटर आहेत. त्यांतला एक रूझवेल्ट मारले गेले तेव्हा त्यांच्या खिशात होता, असे मालक सांगतो, आणि कोणता ते ओळखून दाखवा म्हणतो. पाहून काहीच कळत नाही. वस्तूचे 'ऐतिहासिकत्व' वस्तूत नसते, कागदावर असते. गंगाधरपंतांच्या खिशातले पान मात्र बोलते. दोन लेखकांच्या स्वभावातला हा फरक रोचक आहे: डिक यांचा पुराव्यावरचा विश्वासच उडालेला आहे, आणि नारळीकर शेवटपर्यंत पुरावा हातात ठेवतात.

पण त्या एका गोळीने एवढे सगळे बदलले असते का? इथे कथेशी भांडण सुरू होते, आणि हे भांडण हाही त्या आकर्षणाचाच भाग आहे. १७६१ पूर्वी चार वर्षे प्लासी झाली होती. १७६४ मध्ये बक्सार झाली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. बंगालच्या महसुलावर उभी राहणारी ही सत्ता पानिपतच्या निकालाने कितपत रोखली गेली असती? उलट बाजूने पाहिले तर पराभवानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंदे दिल्लीत होते आणि पुढच्या वर्षारंभी शाह आलम त्यांच्या आधाराने तख्तावर परतला. शिवाय आपल्या दोन लाडक्या जर-तरांत आपसातच वैर आहे. विश्वासराव जगते, तर नानासाहेबांच्या मागे तेच पेशवे होते. धाकटे माधवराव गादीवर येते ना. म्हणजे पानिपत पुसायचे तर आपल्या मनातला आदर्श पेशवाही पुसला जाण्याची तयारी ठेवली पाहिजे. नारळीकरांनी माधवरावांना पराक्रमी धाकटा भाऊ म्हणून सोबत ठेवले आहे आणि राघोबादादांना मागे सारले आहे. ही कथाकाराची सोय झाली. वाचकाने ती खपवून घेऊ नये.

दामोदर कोसंबींना हा सगळाच वाद निरर्थक वाटला असता. राजा कोण होता यापेक्षा त्याच्या प्रजेपाशी नांगर होता की नाही, तो हलका होता की जड, हा प्रश्न महत्त्वाचा, असे त्यांनी १९५६ च्या आपल्या इतिहासग्रंथात सांगितले. या दृष्टीने गोळी कानाजवळून गेली काय नि कपाळात बसली काय, रयतेच्या शेतात तोच नांगर चालतो. पर्यायी इतिहासाच्या बहुतेक कथा या आक्षेपापुढे टिकत नाहीत. त्या राजे, सेनापती आणि लढाया यांच्यापलीकडे जातच नाहीत. नारळीकर थोडे टिकतात, कारण त्यांच्या पेशव्यांचे खरे यश रणांगणावरचे नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाची केंद्रे त्यांनी स्वतः उभारली, कंपनीची मदत घेतली तीही स्वावलंबनापुरती, हे लेखक आडून सुचवतात. गोळीच्या गोष्टीत त्यांनी नांगर हळूच आणून ठेवला आहे.

कोसंबींच्या ग्रंथाआधी तेरा वर्षे या प्रश्नाचे दुसरे टोक पुण्यातच मांडले गेले होते. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी, माणूस इतिहास घडवतो की परिस्थिती, याचा ऊहापोह केला. भूगोलाचे, अर्थव्यवस्थेचे सिद्धांत त्यांनी नाकारले नाहीत. गारगोटी असली तरी ठिणगीसाठी ती कोणीतरी दुसऱ्या गारगोटीवर आपटावी लागते, अशा आशयाचा त्यांचा दृष्टांत आहे. मला हा दृष्टांत पर्यायी इतिहासाच्या टीकेसाठी फार उपयोगाचा वाटतो. चांगली जर-तर कथा गारगोटी जागच्या जागी ठेवते आणि फक्त हात बदलते. वाईट कथा वाळवंटात आग लावते.

या कसाला लावून दोन इंग्रजी उदाहरणे पाहू. फिलिप रॉथ यांच्या २००४ च्या 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' मध्ये १९४० ची निवडणूक वैमानिक लिंडबर्ग जिंकतो. नूअर्कच्या ज्यू वस्तीतला एक सात वर्षांचा मुलगा आपला देश हळूहळू परका होताना पाहतो. अमेरिकेतला ज्यूद्वेष, युद्धविरोधी लाट, लिंडबर्गची लोकप्रियता ही सगळी गारगोटी खरी आहे. जे अकल्पितपणे कोसळते त्याला पाठ्यपुस्तक नंतर अटळ म्हणून सांगते आणि त्यातली दहशत झाकून टाकते, ही रॉथची खंत कादंबरीभर जाणवते. मात्र शेवटी त्यांनी लिंडबर्गला गायब करून इतिहास पुन्हा रुळावर आणला. मला तो कच खाल्ल्यासारखा वाटतो.

हॅरी टर्टलडव्ह यांची १९८८ ची 'द लास्ट आर्टिकल' ही कथा कच खात नाही. जर्मनांनी हिंदुस्थान जिंकला आहे आणि गांधींचा सत्याग्रह आता फील्डमार्शल मोडेलसमोर उभा आहे. मोडेल निःशस्त्र जमावावर गोळ्या घालतो, आणि शेवटी गांधींनाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये गांधींनी 'हरिजन'मधून जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला होता, आणि विरोधक रातोरात नाहीसे होतात अशा राजवटीत हा मार्ग कसा चालेल, अशी शंका ऑरवेल यांनी १९४९ मध्ये काढली होती. कथा ती शंका शेवटपर्यंत नेते. ती वाचून सत्याग्रह म्हणजे इंग्रजांच्या सौजन्याची देणगी होती, असा निष्कर्ष काढणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांना बार्डोली आठवत नाही, जालियनवाला तर नाहीच. पण ज्याला गांधींविषयी खरोखर विचार करायचा आहे त्याने ही कथा टाळू नये. पन्नास गौरवग्रंथांत न विचारलेला प्रश्न तिने विचारला आहे.

मराठी लेखकाने असा कोणता फाटा घ्यावा? पानिपत पुरे झाले. मला १९३२ चा सप्टेंबर दिसतो. १६ ऑगस्टला मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा आला, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधींचे उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. ही सही झाली नसती तर? इथे गारगोटी पुरेपूर आहे आणि हात कोणाचे हेही माहीत आहे. हळहळीला मात्र जागा नाही, कारण कोणता रस्ता बरा याबद्दल आजही एकमत नाही. एका शाखेत येरवड्यात मृत्यू आणि गावोगावच्या महारवाड्यांवर, मांगवाड्यांवर उतरणारा सूड; दुसरीत उपोषण सुटते, पण मतदारसंघ राहतात आणि १९३७ च्या निवडणुकीत असे उमेदवार उभे राहतात, ज्यांना सवर्णांच्या मताची गरजच नाही. लेखकाला यातली एक शाखा निवडावी लागेल, आणि मग दिल्लीपेक्षा कोकणातल्या एखाद्या गावात जाऊन बसावे लागेल. त्या वर्षी सप्टेंबरात आपल्या जगात आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. त्या दुसऱ्या जगात ते मांडले जाते का, त्याच्या बाजूने कुणबी उभे राहतात की मतदारसंघांच्या भिंतीमुळे पलीकडे जातात, आणि पुढच्या सुगीला खोत कोणाच्या खळ्यावर येऊन उभा राहतो, हे त्याला एकेका घरापर्यंत ठरवावे लागेल.